उसनी बाकं, स्वतःची खुर्ची

मुंबईहून आलेल्या माणसाला आमच्या गावात आठवडाभर उसंत नसते. राणीची बाग बघितलीत का, चौपाटीवर भेळ खाल्लीत का, ट्राममध्ये बसलात का? ट्राममध्ये मी बसलो. बाकीचं काही बघितलं नाही. मी गेलो होतो शाळेसाठी सरकारी अनुदान मागायला आणि परत आलो एक खुर्ची घेऊन. मधे काय घडलं ते आता लिहूनच काढतो, म्हणजे ओटीवर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला नको. सांगताना माझी जीभ कडू होते, आणि बायको म्हणते, लोकांना निदान चहा तरी गोड लागू दे.

आमचं गाव खाडीच्या अलीकडच्या काठावर. शाळा सातवीपर्यंत, आणि मी तिचा हेडमास्तर. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये आम्ही देवळाच्या सभामंडपात आठवीचा वर्ग काढला. त्याच्या मास्तरांचा पगार मुंबईतल्या आमच्या गिरणी कामगार गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिला, पण तो वर्षापुरताच, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. पुढं सरकारचं अनुदान मिळालं तर वर्ग राहणार आणि नववीही निघणार, नाही तर यंदाच्या जूनमध्ये सगळं बंद. मुलग्यांचं एक वेळ ठीक आहे, ते होडीनं पलीकडच्या गावी जातील किंवा काकाचं बोट धरून गिरणीत. पण त्या वर्गात एक मुलगी होती, शालन. पावसाळ्यात खाडी फुगली की बाप्ये माणसं होडीत बसताना देवाचं नाव घेतात, तिथं पोरीला कोण पाठवणार? शालनचं पुढचं शिक्षण म्हणजे गावातलेच हे वर्ग, दुसरं काही नाही.

दिवाळीनंतर शिक्षणखात्याचे साहेब पाहणीला आले होते. साहेब येणार म्हटल्यावर गाव पेटून उठलं. आमच्याकडं घरी पाहुणा येणार असला की शेजारून तांब्या, सतरंजी, उशी उसनी आणायची आणि पाहुणा गेला की मुकाट्यानं परत करायची, ही जुनी रीत आहे. यात कोणाला फसवण्याचा हेतू नसतो. पाहुण्याला आपल्या घरात उणं दिसू नये, एवढंच. तशी खोतांकडून टेबल-खुर्ची आली, वाण्याच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ आलं, आणि खाडीपलीकडच्या गावच्या शाळेतली सगळी बाकं दोन होड्यांतून आली. कोंबडी-वड्याचं जेवण झालं. साहेब फार खूश झाले. संध्याकाळी बाकं परत करायची, तर ओहोटी लागून होड्या चिखलात रुतल्या, म्हणून ती रात्रभर आमच्याच मंडपात राहिली. तेव्हा आम्हाला त्यात काही वाटलं नाही.

लालबाग

शिमगा उरकल्यावर मी आगबोटीनं निघालो आणि भाऊच्या धक्क्यावर उतरलो. तिथून लालबाग. आमच्या गावची खोली तिथल्या एका चाळीत आहे. मुंबईला न गेलेल्यांना हे सांगायला हवं की ही खोली कोणा एकाची नाही, गावाची आहे. भिंतीला लागून प्रत्येकाची पत्र्याची पेटी. पहिल्या पाळीचे कामावर गेले की तिसऱ्या पाळीचे त्यांच्याच जागेवर झोपतात, त्यामुळं जमीन थंड अशी कधी होतच नाही. गावात ज्याच्या घरात सोपा, ओटी, माजघर आहे, तो इथं एका पेटीच्या रुंदीत राहतो आणि गणपतीला घरी येताना सगळ्यांना बिस्किटांचे पुडे आणतो.

शालनचे वडील तातू या खोलीतले वडीलधारे. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात काम करून त्यांचे कान अर्धे गेले आहेत, म्हणून ते स्वतःही ओरडूनच बोलतात.

“इलात मास्तर? या, या, पेटयेर बसा. आमच्या चेडवाचो अभ्यास कसो चाललोहा?”

मी म्हटलं, वर्गात पहिली आहे.

“तां मॅट्रिक झाला काय मास्तरीण होतला,” ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. बहुधा खालच्या मजल्यालाही ऐकू गेलं असेल.

मी गावाहून नेलेली सोलं आणि कुळथाचं पीठ त्यांनी खाणावळीच्या बाईंकडं दिलं. संध्याकाळी त्याच पिठाची पिठी आणि तळलेला बांगडा आला. जेवून तातू आणि बाकीचे संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले. मलाही ओढत नेलं. मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. घोषणा देऊन देऊन परतताना तातूंचा आवाज पार बसला होता. त्या बसक्या आवाजातही ते मला समजावत होते, “आपला राज्य येऊंदे मास्तर, मगे बघा. आपली भाषा, आपलो सायब. तुमका खंय जावक नको, सायबच तुमच्याकडे येतलो.” मी म्हणालो नाही की साहेब येऊन गेलेला आहे, आणि तो मराठीच होता.

कोट

दुसऱ्या दिवशी कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, शिक्षणखात्याच्या कचेरीत गेलो. बाहेर व्हरांड्यात बाक होतं. माझ्या आधी तिथं एक गृहस्थ बसले होते. धुतलेला सदरा, हातात छत्री. जाधवमास्तर त्यांचं नाव. ते वरळीला बीडीडी चाळीत राहणारे, दिवसा एका प्राथमिक शाळेत शिकवणारे आणि संध्याकाळी चाळीच्या जिन्याखाली गिरणीतल्या पोरांसाठी रात्रशाळा चालवणारे. त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला त्याच वर्षी ती शाळा निघाली, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. तेही अनुदानासाठीच आले होते.

मला आधी आत बोलावलं. पाहतो तर पाहणीला आलेलेच साहेब! मला हायसं वाटलं. त्यांनीही ओळखलं.

“या मास्तर. तुमच्याकडचे वडे अजून विसरलो नाही हं,” ते म्हणाले.

समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. साहेबांनी बसा म्हटलं नाही. मी उभाच राहिलो, आणि पुढचं सगळं उभ्यानंच ऐकलं.

“यंदा खात्यानं अग्रक्रम ठरवलाय तो निकडीवर,” साहेब सांगू लागले. “जिथं मुलांना बसायला काही नाही, शिकवायला साधनं नाहीत, त्या शाळा आधी. जिथं थोडं आहे, त्या नंतर. जिथं सगळं आहे, त्या शेवटी. पैसा थोडा, अर्ज ढीगभर. तुमची शाळा म्हणजे आदर्श! बाकं, टेबल, घड्याळ. मी तसं मुक्तकंठानं लिहिलंय.”

“म्हणजे आम्हाला मिळणार नाही?”

“तुमच्यापर्यंत पैसा उरणार नाही, असं म्हणू. पण तुमच्या भागाला डावललं, असं समजू नका. खाडीपलीकडच्या शाळेला दिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं गेलो. मुलं जमिनीवर बसलेली हो! मास्तर बिचारे लाजून म्हणाले, बाकं दुरुस्तीला दिली आहेत. आम्ही काय ओळखत नाही? बाकं असतील तर दुरुस्तीला जातील ना!”

 आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी वर्गात कितीदा समजावून सांगितली असेल. इथं तर आम्हीच दळलं, आम्हीच पीठ होडीत घालून पलीकडं नेऊन दिलं.

“साहेब,” मी म्हटलं, “ती बाकं त्यांचीच. त्या रात्री ती आमच्याकडं होती.”

साहेबांनी चष्मा काढला. 

“म्हणजे तुम्ही खात्याला खोटं दाखवलंत?”

 हो म्हणावं तर लबाड, नाही म्हणावं तर श्रीमंत. 

“मी तुमच्या गावचं अन्न खाल्लंय,” साहेब शेवटी म्हणाले, “म्हणून हे मी ऐकलंच नाही असं समजतो. या तुम्ही.”

बाहेर येऊन बाकावर बसलो. थोड्या वेळानं जाधवमास्तर आत गेले आणि माझ्याहून लवकर बाहेर आले. त्यांचा अर्ज अग्रक्रमापर्यंत पोचलाच नव्हता. ज्या शाळेला स्वतःची जागा नाही, तिचा विचारच होत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

“पण बसायला काही नाही त्यांना आधी देणार होते ना?” मी विचारलं.

“बसायला काही नाही हे चालतं, मास्तर. बसायचं कुठं हेच नाही, ते नाही चालत,” ते म्हणाले.

मग मी त्यांना आमच्या बाकांची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

“आमच्याकडं पाहणीला आले तेव्हा आम्ही काही मांडून ठेवलं नव्हतं,” ते छत्री उचलत म्हणाले. “आमच्या बापजाद्यांना गावात कोणी तांब्या उसना दिला नाही. आमच्यात ती सवयच नाही.”

ते जयभीम म्हणून जिना उतरून गेले. मी आयुष्यभर ज्या रीतीला शेजारधर्म म्हणत आलो, तिला असाही एक काठ असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं आणि मला स्वतःचाच राग आला. मी त्यांच्यामागं जाऊन त्यांना चहा तरी पाजायला हवा होता. मी नुसता बसून राहिलो.

गिरगाव

गिरगावात आमच्या खोतांचे व्याही नानासाहेब राहतात. ते एका शिक्षणसंस्थेचे मानद चिटणीस आहेत आणि खात्याच्या कारभारातलं त्यांना सगळं कळतं, असं खोतांनी सांगितलं होतं. दुसरा उपाय नव्हता, म्हणून ट्रामनं गेलो.

गिरगावातलं आदरातिथ्य आमच्यासारखं नाही. आमच्याकडं पाहुणा पायरी चढला की विचारपूस नंतर, आधी गूळपाणी. इथं नानासाहेबांनी “चहा घेणार की घेऊन आलात?” असं विचारलं. घेऊन आलो म्हणण्याइतका मी अजून मुंबईकर झालेलो नाही, म्हणून घेतला. चहा मात्र फर्मास होता. सोबत कांदेपोहे, वर ओलं खोबरं, आणि तेवढ्यापुरता मी त्यांना क्षमा करायला तयार होतो.

माझी हकीकत ऐकून ते पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर मला त्यांच्या संस्थेत घेऊन गेले. दोन मजली दगडी इमारत. वर्गावर्गांत पंखे. मागच्या बाजूला मात्र एक लांबलचक भिंत गिलाव्याशिवाय उभी, विटा उघड्या, पावसाच्या पाण्यानं काळवंडलेल्या.

“ही आमची कामधेनू,” नानासाहेब भिंतीवर हात ठेवून म्हणाले. “हिला आम्ही कधी गिलावा करत नाही. मास्तर, तुमचं चुकलं कुठं सांगू? तुम्ही शाळा चांगली दाखवलीत आणि अर्ज साधा केलात. उलट हवं. दरवर्षी खात्याचं काही तरी नवीन ठरतं. एका वर्षी हस्तोद्योग, तेव्हा आम्ही टकळ्या दाखवल्या. एका वर्षी मुलींचं शिक्षण, तेव्हा मुली पुढच्या रांगेत. यंदा निकड आहे? मग भिंत दाखवली. शाळा तीच असते हो, फक्त साहेबाला कुठल्या दारानं आत आणायचं ते आधी ठरवायचं.”

“आणि यंदा मिळालं?”

“न मिळायला काय झालं?”

मला त्या माणसाची शिसारी आली, आणि त्याच तोंडानं मी त्याला विनंती केली. शालनचं नाव सांगितलं. एकच मुलगी आहे म्हटलं. नानासाहेबांना दया आली की खोतांची भीड पडली, कोण जाणे, पण त्यांनी शब्द टाकायचं कबूल केलं आणि तो पाळला. माझं जाणं ठरायच्या आत निरोप आला की जूनच्या आधी फेरपाहणी होईल आणि दुसरे साहेब येतील. जे मला उभ्यानं मागून मिळालं नाही, ते नानासाहेबांच्या एका शब्दानं मिळालं.

“आता काही मांडू नका,” मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले. “असेल तेवढंसुद्धा उचलून ठेवा.”

पुन्हा लालबाग

निघायच्या आदल्या संध्याकाळी खोलीत सगळ्यांना गोळा करून मी हे सांगितलं. बाकांमुळं आपलं अनुदान पलीकडं गेलं, हे ऐकून सगळे हळहळले. तातूंना नीट ऐकू यावं म्हणून मी त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं बोलत होतो. पण त्यांचं लक्ष भलत्याच गोष्टीवर अडकलं.

“तुमका बसा पन म्हटल्यान नाय?”

“नाही.”

“आमी तेका कोंबो कापलो!”

“ते जाऊ द्या तातू. या वेळी मुलं आणि मास्तर जसे बसतात तसेच, जमिनीवर. साहेबांनाही चटईच घालायची.”

“सायबाक जमनीर बसवूचा?” तातू मागं सरकले. “मास्तर, आमी पेटयेर रवतंव, ती गोष्ट येगळी. ता आमचा गाव. थयसर पावण्याक जमनीर बसवूक आमी काय मेलंव?”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. निकड म्हणजे काय, अग्रक्रम म्हणजे काय, खुर्ची दिसली की आपण मागं कसे जातो. शालनचं वर्ष यावर आहे, हेही सांगितलं. ते मान डोलावत होते. इतरही डोलावत होते. मला वाटलं, समजलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मी बोटीची वाट बघत उभा होतो. बघतो तर तातू आणि दोघं जण गर्दीतून येतायत आणि तातूंच्या डोक्यावर खुर्ची! सागवानी, हातांची, वेताची बैठक असलेली. पाठीवर पांढऱ्या रंगात गावाचं नाव आणि खाली ‘मुंबईकर ग्रामस्थांकडून’.

“हे काय तातू?”

“तुमी म्हणालात ता खरा,” ते धापा टाकत म्हणाले. “उसन्याचाच पाप ता. देव बघता. ह्ये येळेक उसना काय नको. आपली सोताची खुर्ची व्हयी.”

त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मी खुर्ची त्यांच्या डोक्यावरून उतरवून घेतली. बोट सुटली तेव्हा मी डेकवर त्याच खुर्चीत बसलो होतो. दुसरीकडं जागा नव्हती.

गाव

खुर्ची मी माझ्या माजघरात ठेवली आणि वर गोधडी टाकली. शाळेत नेली नाही. गावकऱ्यांना हात जोडून विनवलं, या वेळी कोणी काही आणू नका. खोत हिरमुसले, वाणी रुसला, पण ऐकलं. साहेब आले त्या दिवशी मंडप रिकामा होता. मुलं शेणानं सारवलेल्या जमिनीवर, फळा खांबाला टेकवलेला. मला आतून लाज वाटत होती, पण मी ती गिळली.

हे साहेब तरुण होते, सौम्य. त्यांनी मंडपाच्या पायरीशी बूट काढले, मुलांना नमस्कार केला आणि म्हणाले, “असू दे, असू दे, मी मुलांबरोबरच बसतो.” एक हात टेकवून ते चटईवर बसायला वाकलेसुद्धा.

तेवढ्यात मागून शालन आली. डोक्यावर ती खुर्ची. ती कधी उठून गेली, माझ्या घरात कधी शिरली, काही कळलं नाही. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिनं खुर्ची साहेबांसमोर ठेवली आणि परकराच्या टोकानं वेताची बैठक पुसली.

“बसा साहेब. माझ्या बाबांनी मुंबईहून पाठवली.”

वाकलेले साहेब सरळ झाले. पाठीवरची अक्षरं त्यांनी वाचली. “वा! मुंबईकर ग्रामस्थ! फार चांगलं,” ते म्हणाले आणि बसले.

“साहेब, एवढी एकच आहे,” मी म्हणालो.

ते हसले. मोठ्या माणसांचा विनय असाच असतो, असं काहीसं म्हणाले.

खात्याचं उत्तर जूनच्या तोंडावर आलं. गावाला मुंबईतल्या ग्रामस्थांचं भक्कम पाठबळ असल्याचं दिसून आलं, सबब यंदा अग्रक्रम देता येत नाही. वर्ग बंद झाला. मुलगे होडीनं पलीकडं जाऊ लागले आणि तिथं त्या आमच्या ओळखीच्या बाकांवर बसू लागले. शालन आईबरोबर भाताच्या लावणीला गेली. मी तिला त्या खुर्ची आणण्याबद्दल कधी काही बोललो नाही. बोलून तिला काय कळणार होतं, आणि कळलं असतं तर ते आणखी वाईट.

गणपतीला तातू घरी आले. घरी पेटी टाकून आधी शाळेत आले, माझ्याकडं. खुर्ची आता शाळेत फळ्याशेजारी असते, तिच्यावर मीच बसतो. त्यांनी तिच्या हातावरून हात फिरवला. शालन दारात उभी होती, बापानं आणलेला बिस्किटांचा पुडा छातीशी धरून.

“मास्तर, सायब तिच्यार बसलो मां?”

“बसले.”

“बरोबर बसलो? उठलो नाय मां लगेच?”

“चांगले ऐसपैस बसले,” मी म्हटलं.

तातूंनी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि त्यांचा चेहरा समाधानानं भरून आला.

“बरा झाला,” ते म्हणाले. “वर्गाचा बघू पुढे, आपला राज्य येतलाच. सायब आमच्या गावात उभो तरी रवलो नाय.”